कार्ल्सरूहमधलं ग्रेट्सिंगन: गाव शहरात जातं तेव्हा नेमकं काय काय जातं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे पुण्याजवळच्या मांजरी बुद्रुकचे. २०२१ साली तुमचं गाव महापालिकेत गेलं. आता नोकरीसाठी जर्मनीत कार्ल्सरूहला आला आहात आणि शहराच्या पूर्वेच्या टोकाला ग्रेट्सिंगनमध्ये घर भाड्यानं घेतलंय. पत्त्यावर शहराचं नाव कार्ल्सरूह आहे, पण घरमालकीणबाई बाजाराला निघाल्या की ‘कार्ल्सरूहला जाऊन येते’ असं म्हणतात. चौकात गावाची स्वतःची कचेरी आहे, गावाची वेगळी निवडून आलेली परिषद आहे. हे गाव शहरात आहे की नाही, असं तुम्ही विचारलंय. आणि पुढे लिहिलंय, ‘आमच्या गावाचं जे झालं ते यांचं का झालं नाही?’

मी नगररचनाकार आहे. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात वीस वर्षांहून जास्त काळ अशाच गावांचे विकास आराखडे करण्यात गेला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. या विषयात दोन ओळींत सांगण्यासारखं काही नाही, आणि दोन ओळींत सांगितलं की ‘तिकडे सगळं छान, इकडे सगळं वाईट’ असा समज होतो. तो खरा नाही.

उच्चाराचं एवढं सांगतो. गावाच्या नावातला पहिला स्वर मराठी अक्षरांत बसत नाही. पण गावातली जुनी माणसं त्यांच्या बोलीत तो सरळ ‘ए’ करून ‘ग्रेट्सिंगे’ म्हणतात. म्हणून मी ग्रेट्सिंगन लिहितोय. घरमालकीणबाईंना तसंच ऐकायला आवडेल.

कायद्यानं बघितलं तर उत्तर सोपं आहे. १ जानेवारी १९७४ पासून ग्रेट्सिंगन हा कार्ल्सरूह शहराचा भाग आहे. त्या दिवशी ‘ग्रेट्सिंगन’ नावाची स्थानिक स्वराज्य संस्था संपली. तिची जमीन, जंगल, शाळा, कर्ज, करार, नोकरवर्ग, सगळं शहराकडे गेलं. याला कायद्याच्या भाषेत सर्वंकष वारसा म्हणतात. मयताच्या वारसाला घर मिळतं तसं देणंही मिळतं, त्यातलाच प्रकार. ही झाली कागदावरची गोष्ट. पण घरमालकीणबाई चुकत नाहीत, आणि त्या का चुकत नाहीत हे समजायला जरा मागे जावं लागतं.

ग्रेट्सिंगनचा लेखी उल्लेख ९९१ सालचा आहे. कार्ल्सरूह शहराचा पाया १७१५ मध्ये घातला गेला. म्हणजे शहरापेक्षा गाव सव्वासातशे वर्षांनी मोठं! मार्कग्राफ कार्ल विल्हेल्म या राजानं जंगल तोडून मधोमध राजवाडा बांधला आणि त्याच्याभोवती पंख्याच्या काड्यांसारखे ३२ रस्ते आणि जंगलवाटा आखल्या. त्याआधी राजधानी होती डुर्लाख, ग्रेट्सिंगनच्या अगदी शेजारी. तिथून दरबार नव्या शहरात हलला आणि डुर्लाखची रया गेली. डुर्लाखचे लोक आजही स्वतःच्या गावाला कार्ल्सरूहची आई म्हणतात. आजूबाजूच्या प्रत्येक गावाच्या मनात हीच भावना थोड्याफार प्रमाणात आहे: हे शहर काल आलं, आम्ही आधीपासून इथे आहोत. पुण्याभोवतीच्या गावांना शहराचं जुनेपण निदान मान्य करावं लागतं. इथे तसं नाही.

ग्रेट्सिंगन तसं साधं शेतकरी गाव. फिन्त्स नदी गावातून वाहते, मागे टेकड्या आहेत, आणि पुढे ऱ्हाइन नदीच्या खोऱ्याचं सपाट मैदान पसरलंय. गावात आउगुस्टेनबुर्ग नावाचा छोटा राजवाडा आहे. मार्कग्राफ फ्रीडरिख माग्नुसची पत्नी आउगुस्टा मारिया हिच्या नावावरून त्याला हे नाव पडलं. ती विधवा झाल्यावर इथेच राहिली आणि १७२८ मध्ये इथेच वारली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गावाला दुसरी ओळख मिळाली. कार्ल्सरूहच्या कला अकादमीतले चित्रकार स्टुडिओतून बाहेर पडून उघड्यावर, निसर्गासमोर बसून चित्रं काढायला इथे येऊ लागले. फ्रीडरिख कालमॉर्गन आणि त्याची चित्रकार पत्नी मार्गारेटे हॉर्मुथ-कालमॉर्गन, ऑटो आणि येनी फिकेन्टशर, फ्रान्त्स हाइन, गुस्टाव्ह काम्पमान ही त्यांतली मुख्य मंडळी. फिकेन्टशर दांपत्य तर राजवाड्यातच राहायला आलं. म्हणून ग्रेट्सिंगनला आजही ‘चित्रकारांचं गाव’ म्हणतात. तुम्ही गावातल्या गल्लीतून जाताना लाकडी चौकटीची जुनी घरं बघितली असतील. त्या चित्रांतून दिसतात तीच ही घरं.

गावाचा इतिहास सांगताना एक गोष्ट गाळणं मला बरोबर वाटत नाही. इथे अठराव्या शतकापासून ज्यू कुटुंबं राहत होती, त्यांचं स्वतःचं सिनेगॉग होतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये ते उद्ध्वस्त केलं गेलं. २२ ऑक्टोबर १९४० रोजी बाडेन आणि शेजारच्या झार-फाल्त्स या प्रांतांतल्या मिळून साडेसहा हजारांच्या आसपास ज्यूंना दक्षिण फ्रान्समधल्या ग्यूर्सच्या छावणीत पाठवलं, त्यांत इथलेही होते. गावाच्या ‘आपलेपणा’बद्दल बोलताना हे लक्षात ठेवावं लागतं. आपल्यातल्या कुणाला गाव बाहेर काढतं, तेव्हा हद्द बदललेली नसते.

आता मूळ मुद्दा. कार्ल्सरूह एका फटक्यात वाढलेलं नाही. १८८६ मध्ये म्युलबुर्ग आलं. १९०७ मध्ये बायरटाइम, रिंटहाइम, र्‍युप्पुर ही गावं आली. १९०९ मध्ये ग्रुनविंकेल, १९१० मध्ये डाक्सलांडेन, १९२९ मध्ये बुलाख. या गावांना शहरात जायची स्वतःची कारणं होती: पाण्याचे नळ, गॅस, ट्राम, कारखान्यात जाणाऱ्या कामगारांची सोय. मग नाझी काळात १९३५ मध्ये क्नीलिंगेन, आणि १९३८ मध्ये हाग्सफेल्ड आणि डुर्लाख. डुर्लाख स्वतः एक शहर होतं, जुनी राजधानी. पण १९३५ च्या कायद्यानं निवडून आलेल्या पालिकांचा अधिकारच काढून घेतला होता, महापौर वरून नेमले जात होते. डुर्लाखला कुणी विचारलं नाही. ती सल आजतागायत गेलेली नाही.

तिसरी लाट १९७० च्या दशकातली, आणि ग्रेट्सिंगन त्यात आलं. ही लाट नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीत चोवीस हजारांच्या वर स्थानिक स्वराज्य संस्था होत्या. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये ३,३७९. बऱ्याच गावांची वस्ती काही शेकड्यांत. सरपंच अर्धवेळ, दिवसा शेत किंवा कारखाना आणि संध्याकाळी गावाचा कारभार. शेतीच्या काळात हे चालून गेलं. पण १९५० नंतर पूर्वेकडून आलेले निर्वासित, नवी घरं, मोटारी, सांडपाण्याचा प्रश्न, मोठ्या शाळा, बांधकाम परवाने हे सगळं त्या अर्धवेळ सरपंचाच्या टेबलावर येऊन पडलं. मैलापाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प तीनशे घरांचं गाव उभारू शकत नाही, हा हिशोब आहे आणि तो खरा आहे. दुसऱ्या बाजूला शहरांची तक्रार होती की नाट्यगृह, रुग्णालय, ट्राम यांचा खर्च आम्ही करतो आणि त्यांचा लाभ घेणारे लोक शेजारच्या गावात राहून तिथे कर भरतात. घरं बांधायला शहरांकडे जागाही उरली नव्हती.

म्हणून राज्यानं १९६८ ते १९७५ दरम्यान मोठी पुनर्रचना केली. गृहमंत्री वाल्टर क्राउझे यांनी सुरुवात केली. शेवटी ३,३७९ च्या १,१११ संस्था उरल्या. पद्धत मात्र दोन टप्प्यांची होती, आणि तिथेच खरी मेख आहे. पहिला टप्पा ऐच्छिक. स्वतःहून करार करून जाल तर राज्य काही वर्षं जादा अनुदान देईल, आणि कुणाबरोबर जायचं, कोणत्या अटींवर जायचं, हे तुम्हाला वाटाघाटीत ठरवता येईल. जे या टप्प्यात गेले नाहीत त्यांच्यासाठी दुसरा टप्पा: विधिमंडळ कायदा करून हद्दी ठरवेल. म्हणजे दारात तलवार टांगलेलीच होती. ऐच्छिक या शब्दावर फार भरवसा ठेवू नका. पण वाटाघाटीला वेळ मिळाला, आणि लेखी करार झाले, हेही खरं आहे.

कार्ल्सरूहभोवती काय झालं बघा. श्टुप्फरिख आणि होहेनवेटर्सबाख १९७२ मध्ये आले. वोल्फार्ट्सवायर १९७३ मध्ये. ग्रेट्सिंगन १९७४ मध्ये. वेटर्सबाख १९७५ च्या सुरुवातीला. उत्तरेचं नॉयरॉयट मात्र तयार नव्हतं. ते मोठं गाव होतं, आपला कारभार आपण चालवू शकतो असं त्यांचं म्हणणं होतं, आणि लोकांचा कौल विरोधात होता. ते राज्याच्या घटना न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. १४ फेब्रुवारी १९७५ ला नॉयरॉयट कार्ल्सरूहमध्ये गेलं.

इथे जर्मन मूलभूत कायद्याचं, म्हणजे तिथल्या राज्यघटनेचं, २८ वं कलम लोक चुकीचं वाचतात. ते गावांना स्वतःचा कारभार स्वतः करण्याचा हक्क देतं. पण तो हक्क ‘गाव’ नावाच्या संस्थेला आहे, अमुक एका गावाच्या कायम अस्तित्वाला नाही. सार्वजनिक हितासाठी एखादं गाव विसर्जित करता येतं. अट एवढीच की हित खरोखर असलं पाहिजे, आणि त्याआधी तिथल्या लोकांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. ऐकलं पाहिजे, मान्य केलंच पाहिजे असं नाही. हा फरक नॉयरॉयटच्या लोकांना फार महागात पडला.

आता करारात काय लिहिलं जायचं ते सांगतो, कारण माझ्या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या करारांनी. राज्यभरातल्या अशा करारांचे कागद मी वाचले आहेत. भाषा रुक्ष असते, पण त्यात गावाचा जीव दिसतो. शाळा गावातच राहील. बालवाडी वाढवली जाईल. दफनभूमी बंद होणार नाही, गावच्या माणसाला गावातच माती मिळेल. गावाचं अग्निशमन दल स्वतंत्र तुकडी म्हणून राहील. संघटनांना सभागृह पूर्वीच्याच दरानं मिळेल. मालमत्ता कराचा दर अमुक वर्षं शहराच्या दराला नेला जाणार नाही. गायरानावर ज्या कुटुंबांचे जुने हक्क आहेत ते तसेच राहतील. आणि कित्येक करारांत एक कलम वळूचं असायचं. गावानं गायींसाठी वळू पाळायचा, ही तिथे स्थानिक संस्थेची जबाबदारी होती, त्यासाठी गावात वळूचा गोठा असायचा. शहरात गेल्यावर तो वळू कोण पोसणार? तर शहर पोसणार, असं लिहून घेतलेलं असायचं. मोटार कारखान्यांच्या शहराच्या महापौरानं वळूच्या वैरणीची हमी द्यायची! आज वाचताना गंमत वाटेल, पण ज्यांनी ते लिहून घेतलं ते शहाणे होते. आपल्याला उद्या काय लागणार आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते तोंडी आश्वासनावर राहिले नाहीत.

एका गावात (नाव सांगत नाही) मी नवीन बालवाडीच्या जागेचा आराखडा करत होतो. गावपरिषदेतले एक वयस्कर सदस्य करार घेऊन बसले होते, कडा फाटलेली झेरॉक्स प्रत. त्यांनी एका वाक्यावर बोट ठेवलं: ‘शहर गावठाणाचं स्वरूप जपेल.’ म्हणाले, या वाक्यासाठी आम्ही दोन बैठका भांडलो, आणि आज याचा उपयोग काय? किती पैसे, कधीपर्यंत, कोण बघणार, काहीच लिहिलेलं नाही. त्याच करारातलं दुसरं कलम होतं बहुउद्देशीय सभागृहाचं. त्यात जागा होती, मजल्याचं क्षेत्रफळ होतं, काम सुरू करायचं वर्ष होतं. ते सभागृह उभं राहिलं होतं, आम्ही त्यातच बसलो होतो. त्या दिवसापासून मी कुठल्याही गावाला हेच सांगत आलोय: भावना बैठकीत बोला, करारात वर्ष आणि माप लिहा.

पण करार जुने होतात. वळूचा गोठा बंद पडतो, कराचा दर सवलतीची मुदत संपली की चढतो. टिकतं ते वेगळंच. बाडेन-वुर्टेमबर्गच्या स्थानिक स्वराज्य कायद्यात अशा गावांसाठी एक तरतूद आहे. शहर आपल्या मुख्य नियमावलीत लिहून एखाद्या भागाला स्वतःची परिषद देऊ शकतं, जर्मनमध्ये ओर्टशाफ्ट्सराट. आपण तिला गावपरिषद म्हणू. तुमच्या चौकातल्या कचेरीमागे हीच परिषद आहे. तिचे सदस्य त्या गावचे मतदार थेट निवडतात, शहराच्या निवडणुकीबरोबरच, पाच वर्षांसाठी. गावाशी संबंधित महत्त्वाच्या कुठल्याही विषयावर शहरानं निर्णय घेण्याआधी तिचं मत घेतलंच पाहिजे. रस्ता, शाळा, नवीन वसाहत, अंदाजपत्रकातली गावाची रक्कम, सगळं त्यात आलं. ती स्वतःहून विषय मांडू शकते. शहर काही विषयांचा निर्णय पूर्णपणे तिच्यावर सोपवू शकतं. तिचा प्रमुख शहराच्या महासभेत बसतो, मत देऊ शकत नाही पण बोलू शकतो.

तिला स्वतःची तिजोरी नाही, कर लावायचा अधिकार नाही, आणि शहरानं तिचं ऐकून घेऊन उलट निर्णय घेतला तर ती फार काही करू शकत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. काही लोक तिला ग्रामपंचायतीसारखी समजतात, तशी ती नाही. तरीही तिचं वजन आहे, आणि ते मी बैठकांत प्रत्यक्ष बघितलंय. शहराच्या बांधकाम खात्याचा अधिकारी नकाशा घेऊन गावात येतो, गावच्या लोकांसमोर उभा राहतो, आणि ‘ओढ्याला पूर आला की पाणी कुठून येतं’ हे त्याला तिथे कुणीतरी सांगतं. नकाशावर ते नसतं. पुष्कळदा आराखडा तिथेच बदलतो, मतदानाआधी. माझे स्वतःचे दोन आराखडे असेच बदलले, आणि दोन्ही वेळा गाव बरोबर होतं.

आता कार्ल्सरूहचा नकाशा या नजरेनं बघा. १९७० च्या दशकात आलेली गावं, श्टुप्फरिख, होहेनवेटर्सबाख, वोल्फार्ट्सवायर, ग्रेट्सिंगन, वेटर्सबाख, नॉयरॉयट, यांना गावपरिषदा आहेत. १९०७ ते १९३८ दरम्यान आलेल्या डाक्सलांडेन, र्‍युप्पुर, क्नीलिंगेनला त्या नाहीत. तिथे नागरिक संघ आहेत, ते मेहनतीनं काम करतात, पण त्यांचं मत घेणं शहरावर बंधनकारक नाही. एकच शहर, शेजारशेजारची गावं, आणि फरक फक्त कोणत्या काळात आणि कोणत्या अटींवर आत आलात याचा. या नियमाला एकच अपवाद डुर्लाखचा. १९३८ मध्ये न विचारता आत घेतलेल्या डुर्लाखला १९८९ मध्ये गावपरिषद मिळाली, एक्कावन्न वर्षांनी. म्हणजे उशिरा का होईना, मिळू शकते. हे तुमच्यासाठी लिहितोय.

पाल्मबाखची गोष्ट मला नेहमी खटकते, तीही सांगतो. तुमच्या घरापासून दक्षिणेला टेकडीवर हे लहानसं गाव आहे. १७०१ मध्ये ते वाल्डेन्सी या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या निर्वासितांनी वसवलं. इटलीच्या पीडमाँटच्या डोंगरांतून धर्मासाठी हाकललेले हे लोक फ्रेंच बोलायचे. वुर्टेमबर्गच्या ड्यूकनं त्यांना जागा दिली. १८०६ मध्ये गाव बाडेनकडे गेलं. १९७२ मध्ये पाल्मबाख शेजारच्या ग्र्युनवेटर्सबाखशी जोडलं गेलं आणि ‘वेटर्सबाख’ नावाची नवी संस्था झाली. तीनच वर्षांत ती पूर्ण कार्ल्सरूहमध्ये गेली. आज गावपरिषद आहे ती वेटर्सबाखची, दोन्ही गावांची मिळून. पाल्मबाखचं स्वतःचं नाव त्या संस्थेवर नाही. दोन पायऱ्यांत गेलेलं गाव पहिल्या पायरीवरच आपलं नाव सोडून आलं. छोट्या गावांनी आपसांत एक होऊन मग शहराशी बोलावं, असा सल्ला खूप जण देतात. ताकदीच्या दृष्टीनं तो बरोबर आहे, पण त्याची किंमतही आहे.

काही गावांनी हे मान्यच केलं नाही. बव्हेरियातलं एर्मर्सहाउझेन १९७८ मध्ये शेजारच्या गावात विलीन केलं गेलं. लोकांनी कचेरीला गराडा घातला, दप्तर बाहेर काढायला पोलीस पाठवावे लागले. सोळा वर्षं ते भांडत राहिले आणि १९९४ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाले. हेसनमध्ये गीसन आणि वेट्सलार ही दोन जुनी शहरं १९७७ च्या सुरुवातीला ‘लान’ नावाच्या एका नव्या शहरात जोडली. कुणालाच ते नाव आपलं वाटलं नाही. १९७९ च्या जुलैअखेर ते शहर मोडीत काढावं लागलं. नाव कागदावर तयार करता येतं, पण लोक ते तोंडात घेतीलच असं नाही.

तुम्ही विचारलं होतं की ग्रेट्सिंगनला फायदा झाला की तोटा. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा रुळांवरून आला. २५ सप्टेंबर १९९२ ला कार्ल्सरूहहून ब्रेटनला जाणारी एक गाडी सुरू झाली. शहरात ती ट्रामच्या तारेवर, ७५० व्होल्ट एकदिश विजेवर चालते आणि पुढे रेल्वेच्या १५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेवर. हा बदल डुर्लाख आणि ग्रेट्सिंगनच्या मधल्या भागात होतो. थोडं अंतर तारेत वीजच नसते, गाडी आपल्या वेगात ते ओलांडते. शहराच्या वाहतूक कंपनीचे प्रमुख डीटर लुडविग यांनी हे घडवलं आणि जगभरात ते ‘कार्ल्सरूह मॉडेल’ म्हणून ओळखलं जातं. तुम्ही रोज ज्या गाडीनं ऑफिसला जाता तिची सुरुवात ही अशी झाली. गाव शहरात नसतं तरी ही गाडी आली असती, कारण ब्रेटन कार्ल्सरूहमध्ये नाही आणि तिथेही ती जाते. म्हणून या फायद्याचं श्रेय हद्दवाढीला देऊ नका. चांगली वाहतूक द्यायला हद्द बदलावी लागत नाही. दोन स्वतंत्र संस्था करार करू शकतात.

हद्दवाढीमुळे जे प्रत्यक्ष झालं ते साधं आहे. आराखडा, बांधकाम परवाना, पूरनियंत्रण यासाठी पूर्णवेळ तज्ज्ञ मिळाले. त्याच्या बदल्यात आपल्या गावाच्या जमिनीवर शेवटचा शब्द दुसऱ्याचा झाला. रस्त्यांची नावं बदलावी लागली, कारण ‘मुख्य रस्ता’ आणि ‘स्टेशन रस्ता’ प्रत्येक गावात होता आणि एका शहरात एका नावाचे चार रस्ते ठेवता येत नाहीत. म्हातारी माणसं त्या नावांवर फार हळहळतात. गाडीच्या नंबरपाटीवर मात्र काही बदललं नाही, शहर आणि जिल्हा दोघांचीही अक्षरं आधीपासून एकच.

आणि एक गोष्ट जी कुणाच्या लक्षात येत नाही: जमिनीच्या नोंदी. संस्था संपली तरी जमीन अभिलेखात ‘ग्रेट्सिंगन’ हे क्षेत्र तसंच आहे. आजही प्लॉट विकला तर दस्तात ते नाव येतं. तुमच्या मांजरीचंही तेच आहे. महापालिकेत जाऊनही सातबाऱ्यावर मौजे मांजरी बुद्रुक हेच नाव राहतं. शासन बदलतं तेव्हा जमिनीचं दप्तर सगळ्यात उशिरा बदलतं. इतिहास शोधणाऱ्यांना मी नेहमी तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

आता तुमचं शेवटचं वाक्य: ‘आमच्या गावाचं जे झालं ते यांचं का झालं नाही?’ तुमचं गाव २०२१ मध्ये गेलं, मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक आला. म्हणजे सरपंच गेला आणि नगरसेवकही नाही, अशी काही वर्षं तुम्ही काढलीत. ग्रेट्सिंगनला असा रिकामा काळ आलाच नाही. तुमचं दुःख शहरात गेल्याचं आहे असं तुम्ही लिहिलंय, पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात रस्ता, पाणी, कर या प्रत्येक तक्रारीनंतर एकच वाक्य पुन्हा येतं: ‘सांगायचं कुणाला?’ मला वाटतं खरी जखम ती आहे. आपल्याकडे घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. पण एका प्रभाग समितीत इतकी वस्ती येते की त्यात एका गावाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. समाविष्ट गावासाठी, त्याच गावच्या मतदारांनी निवडलेली, जिचं मत घेणं बंधनकारक आहे अशी परिषद, एवढी एक तरतूद मागायला हवी. महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेमबर्ग यांच्यात २०१५ पासून राज्यस्तरावर भागीदारी आहे, मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. उद्योग आणि शिक्षणावर खूप बोलणं होतं. या छोट्याशा कायदेशीर तरतुदीवरही व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर तुम्ही एक करा. ग्रेट्सिंगनच्या गावपरिषदेची पुढची बैठक कधी आहे ते कचेरीबाहेरच्या फलकावर बघा. बैठकीचा जाहीर भाग सगळ्यांसाठी खुला असतो. युरोपीय संघाबाहेरचे नागरिक म्हणून तुम्हाला तिथे मत नाही, पण मागच्या खुर्च्यांवर बसायला कुणी अडवत नाही, आणि रहिवाशांच्या प्रश्नांसाठी वेळ ठेवलेला असला तर प्रश्नही विचारता येतो. घरमालकीणबाईंना बरोबर चला म्हणा. तासाभराच्या बैठकीत एखाद्या फूटपाथवर वीस मिनिटं चर्चा होईल. ती पूर्ण ऐका, कोण काय बोलतं आणि शहराचा अधिकारी वहीत काय लिहून घेतो ते बघा, आणि मग मला कळवा.